विकलेल्या यंत्राचं पेटंट मिळतं का? कांद्याची पात कापणाऱ्या यंत्राच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं निफाड तालुक्यात छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. कांद्याची पात कापणारं यंत्र तयार केलं. पहिल्या मॉडेलची काही यंत्रं मागच्या हंगामात विकली आणि त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. आता सुधारित मॉडेल तयार आहे, ते अजून वर्कशॉपच्या बाहेर गेलेलं नाही. दरम्यान पहिल्या मॉडेलची नक्कल दुसऱ्या एकाने सुरू केली आहे. पेटंट मिळेल का, खर्च किती, अर्ज करण्याआधी यंत्रावर ‘पेटंट पेंडिंग’ (पेटंटचा अर्ज प्रलंबित) लिहिलं तर चालेल का आणि नक्कल करणाऱ्याला थांबवता येईल का?

आधी कडू भाग सांगतो. पहिल्या मॉडेलचं पेटंट आता मिळणार नाही. अर्जाच्या तारखेआधी जी गोष्ट कुठेही प्रसिद्ध झाली किंवा भारतात उघडपणे वापरात आली, ती कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही. ती प्रसिद्धी तुम्ही स्वतःच केली असली तरी फरक पडत नाही. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाच्या आत अर्ज करण्याची मुभा आहे. ते कुठेतरी वाचून ‘आपल्याकडे वर्षभर वेळ आहे’ असं समजणारे बरेच जण भेटतात. भारतात अशी सरसकट सवलत नाही.

अपवाद आहेत, पण अरुंद. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३१ नुसार केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडणी केली असेल, किंवा विद्वत्सभेत निबंध वाचला असेल, तर त्यापासून १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. २०२४ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी फॉर्म ३१ हा वेगळा नमुना आहे. आपल्याकडच्या कुठल्याही कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला म्हणजे हे कलम लागू होतं असं नाही. त्या प्रदर्शनाची अधिसूचना निघालेली असावी लागते. दुसरा अपवाद कलम ३२ चा. चाचणी उघड्यावर घेणं अपरिहार्य असेल, तर अर्जाच्या आधीच्या एक वर्षात केवळ वाजवी चाचणीपुरता झालेला वापर आड येत नाही. शेतातलं यंत्र शेतातच तपासावं लागतं, तेव्हा हे कलम कामाचं आहे. पण बिल फाडून विकलेलं यंत्र ‘चाचणी’ ठरत नाही.

आता व्हिडिओ काढून टाकावा का? काढू नका. काढल्याने गेलेली नवीनता परत येत नाही. उलट नक्कल करणाऱ्याने उद्या त्याच पहिल्या मॉडेलवर स्वतःच्या नावाने अर्ज टाकला, तर तारखेसह उभा असलेला तुमचा व्हिडिओ हाच त्याच्याविरुद्धचा सर्वांत सोपा पुरावा आहे. असा अर्ज प्रकाशित झाल्यावर आणि पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही त्याला विरोध दाखल करू शकतो. विक्रीची बिलं, वाहतुकीच्या पावत्या, ग्राहकाला पाठवलेले फोटो हेही जपून ठेवा. थोडक्यात, पहिलं मॉडेल सगळ्यांचं झालं आहे. ते तुमच्या एकट्याचं होणार नाही, तसं दुसऱ्या कुणाचंही होणार नाही.

खरा विचार सुधारित मॉडेलचा करायचा. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून रचना अशी दिसते: एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरणारे दोन रोलर पात पकडून खाली ओढतात, कांदा वरच राहतो, आणि रोलरच्या खाली बसवलेलं पातं पात कापतं. पहिल्या मॉडेलमध्ये दोन्ही रोलर घट्ट बसवलेले होते. जाड मानेचा कांदा आला की तो अडकायचा. म्हणून फट वाढवली, तर बारीक मानेचे कांदे फटीत खोल बसायचे आणि पातं कांद्याच्या अंगाला लागायचं. असा जखमी कांदा चाळीत टिकत नाही, आणि एक सडला की शेजारच्यांना घेऊन जातो. साठवणुकीच्या कांद्याला साधारण २ ते ३ सेंटिमीटर मान ठेवावी लागते. सुधारित मॉडेलमध्ये एक रोलर सरकत्या बेअरिंग ब्लॉकवर आहे, स्प्रिंग त्याला दाबून धरते, आणि पातं त्याच ब्लॉकला जोडलेलं आहे. फट मानेच्या जाडीप्रमाणे उघडते, पातंही रोलरबरोबर सरकतं, त्यामुळे मानेची लांबी जवळपास सारखी राहते.

फिरणाऱ्या रोलरच्या जोडीने पात ओढायची ही कल्पना जुनी आहे. त्यात तुमचं काही नाही. तुमचं जे आहे ते पातं आणि सरकता रोलर यांच्या त्या जोडणीत आहे. अर्ज त्या जोडणीभोवती उभा राहिला पाहिजे.

तरीही आधी शोध घ्या. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरची ‘इनपास’ ही शोधप्रणाली, युरोपीय कार्यालयाचं ‘एस्पेसनेट’, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं ‘पेटंटस्कोप’ आणि गूगल पेटंट्स हे सगळं फुकट आहे. नुसता ‘ओनियन कटिंग मशीन’ असा शब्द टाकला तर स्वयंपाकघरातले कांदा चिरणारे शेकडो नमुने येतील आणि हाती काही लागणार नाही. वर्गीकरणाने शोधा. कांद्याची पात छाटणं आणि साल काढणं यांची उपकरणं आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ए२३एन १५/०८ या गटात येतात. तिथे आधी पूर्ण गट चाळा, मग ‘टॉपिंग’, ‘रोलर’, ‘स्प्रिंग’ असे शब्द जोडून चाळणी बारीक करा. कंदमुळं काढणारी यंत्रं ए०१डी या वर्गात असतात, तिथेही पात छाटण्याचे भाग सापडतात. आकृत्या आधी पाहा, मजकूर नंतर. यांत्रिक शोधात आकृतीवरूनच निम्मे दस्तऐवज बाजूला पडतात. मुदत संपलेलं किंवा फी न भरल्याने बंद पडलेलं पेटंटही तुमच्या नवीनतेच्या आड येतं, हे लक्षात असू द्या. ते वापरायला मोकळं असतं, पण पुन्हा स्वतःच्या नावावर करता येत नाही.

नवीन असणं ही पहिली पायरी झाली. दुसरी अवघड आहे: त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ते सहज सुचण्यासारखं नसावं. वर्कशॉपवाल्यांनी यासंबंधीचा एक निकाल माहीत करून घ्यावा असा आहे. ‘विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज’ या खटल्यात वाद होता तो लेथवर भांडं कातताना ते पकडून ठेवण्याच्या सोयीच्या पेटंटचा. डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्दच राहील असं ठरवलं. कारण साधं होतं: जुन्याच युक्तीत किरकोळ बदल केला होता, आणि तसा बदल कुठल्याही कसबी कारागिराच्या आवाक्यातला होता. न्यायालयाने त्याला वर्कशॉपमधली सुधारणा म्हटलं. आजही तपासणीत यांत्रिक अर्जांवर हाच आक्षेप सर्वांत जास्त येतो. ‘रोलर जुना, स्प्रिंग जुनी, पातं जुनं, जोडले इतकंच’ असं परीक्षक म्हणणार हे गृहीत धरूनच मसुदा लिहायचा. कलम ३(एफ) तर थेट सांगतं की ज्ञात उपकरणं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध नाही. तुमच्या बाजूने सांगता येण्याजोगं हे आहे की पातं आणि रोलर एकत्र सरकल्यामुळे असा परिणाम मिळतो जो सुटा रोलर किंवा सुटं पातं देऊ शकत नाही. हे वाक्य अर्जात पहिल्या दिवसापासून असायला हवं.

आणि ते नुसतं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. एकाच वाणाचा, एकाच दिवशी काढलेला कांदा घ्या. त्याचे तीन ढीग करा, प्रत्येकी १०० किलोचे. एक हाताने विळ्याने कापा, एक जुन्या यंत्रावर, एक नव्या यंत्रावर. प्रत्येक ढिगात मानेची लांबी किमान किती, कमाल किती, जखमी कांदे किती, पात न कापता निघालेले किती आणि तासाला किती किलो काम झालं हे मोजा. रोलरचा वेग, फट आणि स्प्रिंगचा ताण लिहून ठेवा. ही सारणी तपशिलात, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या लेखी वर्णनात, घाला. आकडे नंतर सुचले तर अर्जात नव्याने घुसवता येत नाहीत. उत्तरादाखल पुरावा म्हणून देता येतात, पण त्यांचं वजन कमी पडतं.

आता दावे. अर्जातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. तुमचा हक्क किती हे वर्णनावरून किंवा आकृत्यांवरून ठरत नाही, दाव्यांच्या वाक्यांवरून ठरतं. शेतात जसं सातबाऱ्यावरचं क्षेत्र चालतं, बांधावर उभं राहून हात फिरवून दाखवलेलं नाही, तसं.

पहिला दावा असा लिहिलेला दिसतो: ‘कांद्याची पात कापणारं यंत्र, ज्यात फ्रेम, मोटर, हॉपर, रोलरची जोडी आणि पातं आहे.’ हा दावा तुमच्याच व्हिडिओने मरतो. त्यात जे आहे ते सगळं पहिल्या मॉडेलमध्ये होतं.

मग घाबरून दुसऱ्या टोकाचा लिहितात: ‘४० मिलिमीटर चौकोनी पाइपची फ्रेम, ५ अश्वशक्तीची मोटर, १,२०० मिलिमीटर लांबीचे रोलर, अमुक तारेची स्प्रिंग...’ हा मंजूर होण्याची शक्यता चांगली असते, कारण असं नेमकं यंत्र कुणीच आधी बनवलेलं नसतं. पण नक्कल करणारा रोलर १,१०० चा करतो आणि सुटतो. असलं पेटंट भिंतीवर लावायला छान दिसतं, बाकी उपयोग शून्य.

मधला रस्ता साधारण असा (कंसातले आकडे हे आकृतीतल्या भागांचे क्रमांक): ‘कांद्याची पात कापण्याचं यंत्र, ज्यात विरुद्ध दिशेने फिरणारे पहिला रोलर (१२) आणि दुसरा रोलर (१४) आहेत, त्यांपैकी दुसरा रोलर (१४) सरकत्या आधारावर (१८) बसवलेला असून लवचीक दाबयंत्रणा (२०) त्याला पहिल्या रोलरकडे ढकलते, आणि पातं (२२) त्याच सरकत्या आधाराला (१८) अशा रीतीने जोडलेलं आहे, की दोन रोलरमधली फट बदलली तरी दुसरा रोलर (१४) आणि पात्याची धार यांमधलं अंतर कायम राहतं.’ मोटर, हॉपर, फ्रेम यांचा पहिल्या दाव्यात उल्लेखही नको. ज्याच्याशिवाय शोध चालतो ते पहिल्या दाव्यात टाकलं, की नक्कल करणाऱ्याला एक पळवाट मिळते.

‘स्प्रिंग’ ऐवजी ‘लवचीक दाबयंत्रणा’ का म्हटलं? कारण नक्कल करणारा दुसऱ्याच दिवशी स्प्रिंग काढून रबराचा बुश घालेल किंवा वजन टांगेल. पण असा व्यापक शब्द तेव्हाच टिकतो, जेव्हा तपशिलात स्प्रिंग, रबर आणि लटकतं वजन या तिन्ही पर्यायांचं वर्णन असतं. मग दुसऱ्या दाव्यात स्प्रिंग, तिसऱ्यात रबर, चौथ्यात वजन असे उतरत्या व्याप्तीचे दावे ठेवायचे. पहिला दावा तपासणीत पडला तर माघार घेऊन उभं राहायला जागा हवी. वर्णनात जे नाही ते नंतर कधीच आत येत नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्तीत दावा आकसता येतो, स्पष्टीकरण देता येतं, चूक सुधारता येते; नवा मजकूर घालता येत नाही.

दावा यंत्राचाच ठेवा. ‘कांदा काढून पात कापण्याची पद्धत’ असा दावा जोडायचा मोह होतो, पण शेतीच्या आणि फळबागेच्या पद्धती कलम ३(एच) नुसार पेटंटच्या बाहेर आहेत. उगाच आक्षेप ओढवून घेऊ नका. तुम्ही यंत्राला सेन्सर लावून पात्याची उंची संगणकाने बदलणार असाल तर वेगळी काळजी घ्यावी लागेल, कारण नुसता संगणक-प्रोग्रॅम किंवा गणिती रीत ३(के) मध्ये अडकते. तिथे सेन्सर, मोटर, पातं यांच्यावर होणारा भौतिक परिणाम दाव्यात बांधून घ्यावा लागतो.

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करावा की थेट संपूर्ण? हंगाम तोंडावर असेल आणि यंत्र दाखवायचंच असेल, तर प्रोव्हिजनल आधी टाका आणि मगच शेतात उतरा. त्यानंतर १२ महिन्यांत संपूर्ण तपशील द्यावा लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. प्रोव्हिजनलमध्ये दावे लागत नाहीत, म्हणून लोक एक पान खरडून तारीख ‘बुक’ करतात. इथेच घात होतो. तारीख फक्त जे लिहिलं आहे त्यालाच मिळते. ‘कांद्याची पात कापणारं सुधारित यंत्र, ज्याने मजुरी वाचते’ एवढंच लिहिलं, तर सरकत्या आधाराला ती तारीख मिळत नाही. मधल्या काळात तुम्ही यंत्र विकलं असेल, तर स्वतःच्या हाताने दुसरं मॉडेलही घालवलं. म्हणून प्रोव्हिजनलमध्ये दावे सोडून बाकी सगळं घाला: आकृत्या, भागांचे क्रमांक, पर्याय, चाचणीची सारणी.

कागद इंग्रजी किंवा हिंदीतच लागतात. मराठीत दाखल करता येत नाहीत. शीर्षक साधारण १५ शब्दांत, गोषवारा १५० शब्दांत. आकृत्या ए-४ कागदावर, वर आणि डावीकडे ४ सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे ३ सेंटिमीटर समास. वर्कशॉपवाले कॅडमधलं उत्पादनाचं ड्रॉइंग जसंच्या तसं जोडतात. ते चालत नाही: आकृतीवर मापं लिहायची नसतात, ‘मोटर’, ‘पातं’ अशी नावंही नाहीत, फक्त क्रमांक आणि रेषा. मापांचा थर बंद करून काळ्या रेषांत छापा घ्या. एक यंत्राचं पूर्ण दृश्य, एक सरकत्या आधाराचा छेद, आणि बारीक मान व जाड मान असताना पात्याची जागा दाखवणाऱ्या दोन आकृत्या. या शेवटच्या दोन सर्वांत जास्त बोलतात.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं पेटंट कार्यालय. अर्ज ऑनलाइन करा, कागदी अर्जाला १० टक्के जास्त फी आहे. फॉर्म १ अर्जाचा, २ तपशिलाचा, ३ परदेशी अर्जांच्या माहितीचा, ५ शोधकाच्या घोषणेचा, पेटंट एजंट असेल तर २६ हे मुखत्यारपत्र. अर्ज कंपनीच्या किंवा एलएलपीच्या (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीच्या) नावाने असेल तर लघुउद्योगाची सवलत घेण्यासाठी उद्यम प्रमाणपत्रासह फॉर्म २८ जोडावा लागतो, नाहीतर पाचपट फी बसते. शोधक म्हणून ज्याच्या डोक्यातून कल्पना निघाली त्याचंच नाव घाला. सांगितलं तसं वेल्डिंग करणारा शोधक नव्हे. पण पातं ब्लॉकला जोडायची कल्पना कामगाराची असेल तर तो शोधक आहे, आणि त्याच्याकडून हक्क लेखी लिहून घेतल्याशिवाय तुमचा अर्ज लंगडा आहे.

खर्चाचं गणित. वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन फी सारखीच आहे. अर्ज १,६०० रुपये. यात ३० पानं आणि १० दावे बसतात, पुढे प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२०. प्रोव्हिजनल आधी दिला असेल तर संपूर्ण तपशिलाला पुन्हा मूळ फी नाही. तपासणीची विनंती, फॉर्म १८, ४,००० रुपये. म्हणजे साध्या वाटेने सरकारी खर्च ५,६०० रुपये. जलद तपासणी हवी असेल तर फॉर्म १८ए चे ८,००० आणि लवकर प्रकाशनाच्या फॉर्म ९ चे २,५००; अर्जासह १२,१००. एजंटचं मानधन याहून वेगळं आणि बहुतेक वेळा याहून मोठं असतं. मान्यताप्राप्त स्टार्टअप असाल तर केंद्राच्या योजनेतून नेमलेल्या सुविधादात्याचं मानधन सरकार देतं, तुम्हाला फक्त सरकारी फी भरावी लागते. एजंट निवडताना त्याचा ‘आयएन/पीए’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक विचारा. वकिलीची सनद असली म्हणजे पेटंट एजंट झाला असं नाही. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि वेगळी परीक्षा लागते.

जलद तपासणी सगळ्यांना खुली नाही. स्टार्टअप आणि लघुउद्योग तिला पात्र आहेत. एकटा पुरुष वैयक्तिक नावाने अर्ज करत असेल तर केवळ त्या आधारावर नाही. सर्व अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक तरी स्त्री असेल तर मिळते. म्हणून ‘बायकोचं नाव टाका, काम लवकर होईल’ असा सल्ला फिरतो. नाव टाकायला हरकत नाही, पण नाव टाकलं की ती सहमालक झाली. कलम ५० प्रमाणे प्रत्येक सहमालक स्वतः यंत्र बनवून विकू शकतो आणि दुसऱ्याला हिशेब देणं लागत नाही. पण पेटंट विकायचं किंवा परवाना द्यायचा तर सगळ्यांची संमती लागते. भाऊ, भागीदार, मित्र यांची नावं घालतानाही हाच विचार आधी करा. नंतरची भांडणं इथूनच सुरू होतात.

तारखा उदाहरणाने सांगतो. समजा प्रोव्हिजनल १० जानेवारी २०२६ ला दाखल झाला. संपूर्ण तपशील १० जानेवारी २०२७ पर्यंत. १८ महिने जुलै २०२७ मध्ये भरतात, त्यानंतर महिनाभरात अर्ज पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रकाशित होतो. ते दर शुक्रवारी निघतं. तपासणीची विनंती १० ऑगस्ट २०२८ पर्यंत, म्हणजे ३१ महिन्यांत. ही मुदत आधी ४८ महिने होती, १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ३१ झाली. जुन्या लेखांमध्ये अजून ४८ लिहिलेलं सापडतं, त्यावर विसंबू नका. विनंती आपोआप होत नाही आणि मुदत हुकली की अर्ज मागे घेतल्यात जमा होतो. पेटंट मिळालं तर ते १० जानेवारी २०२६ पासून २० वर्षांचं.

प्रकाशित होणं आणि मंजूर होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रकाशन जवळजवळ प्रत्येक अर्जाचं होतं, कसलीही परीक्षा न होता. ‘आमचं पेटंट प्रकाशित झालं’ म्हणून सत्कार होतात, प्राध्यापकांच्या गुणांसाठी सहलेखकांची यादी लावून असले अर्ज विकलेही जातात, ब्रिटनमधली डिझाइन नोंदणी ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ म्हणून खपवली जाते. त्यातलं काहीही नक्कल करणाऱ्याला थांबवत नाही. जागतिक पेटंट अशी चीजच नाही. परदेशात हवं असेल तर पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत तिथे किंवा पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य कराराच्या मार्गाने जावं लागतं, आणि भारतातल्या अर्जानंतर सहा आठवडे थांबून किंवा फॉर्म २५ वर परवानगी घेऊनच.

तपासणी झाली की पहिला अहवाल येतो, त्याला एफईआर म्हणतात. उत्तराला सहा महिने. घाबरू नका, आक्षेपांशिवाय अहवाल क्वचितच येतो. परीक्षक दोन-तीन जुने दस्तऐवज दाखवून म्हणेल की एकात रोलर आहे, दुसऱ्यात स्प्रिंग आहे, दोन्ही जोडणं सहज सुचण्यासारखं आहे. ‘आमचं यंत्र शेतकऱ्यांना फार आवडलं’ हे उत्तर नव्हे. दाव्यातला एकेक घटक डाव्या रकान्यात लिहा, पुढे प्रत्येक दस्तऐवजात तो कुठे आहे किंवा नाही ते परिच्छेद क्रमांकासह लिहा. पातं सरकत्या आधाराला जोडलेलं कुठल्याच दस्तऐवजात नसेल तर तिथे बोट ठेवा. मग त्या न सापडलेल्या घटकामुळे काय घडतं ते सारणीतल्या आकड्यांनी दाखवा. दुसऱ्या दस्तऐवजात पातं फ्रेमला घट्ट बसवलेलं असेल, तर तो वाचणारा माणूस उलट दिशेनेच गेला असता, हे सांगा. पटलं नाही तर सुनावणी होते, बहुधा व्हिडिओ कॉन्फरन्सवर, आणि त्यानंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. हे १५ दिवस खूप अर्ज बुडवतात, कारण सुनावणी चांगली झाली की लोक निवांत होतात.

‘पेटंट पेंडिंग’ अर्ज दाखल होण्याआधी लिहू नका. नसलेल्या अर्जाचा दावा करणं कलम १२० खाली येतं, आणि ऑगस्ट २०२४ पासून त्याचा दंड १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, चालू राहिलं तर दिवसाला १,००० वेगळे. दाखल झाल्यावर अर्ज क्रमांकासह खुशाल लिहा. क्रमांकात वर्षानंतरचा २ मुंबई कार्यालयाचा आणि त्यापुढचा १ साध्या अर्जाचा असतो, म्हणजे २०२६ चा तुमचा क्रमांक २०२६२१ ने सुरू होईल. ग्राहकाला किंवा बँकेला खरंखोटं तपासायला एवढं पुरतं.

नक्कल करणाऱ्याला आज पहिल्या मॉडेलवरून थांबवता येणार नाही. तुमच्या ड्रॉइंगचा कॉपीराइट सांगून नोटीस काढायचा सल्ला कुणी दिला तर जपून. ज्या ड्रॉइंगवरून कारखान्यात माल निघतो आणि जे डिझाइन म्हणून नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याचा कॉपीराइट ५० पेक्षा जास्त नग निघाले की संपतो. एप्रिल २०२५ मध्ये ‘क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न कसा तपासायचा ते स्पष्ट केलं आहे. नव्या मॉडेलचं बाह्यरूप, हॉपरचा आणि आवरणाचा आकार वेगळा असेल तर डिझाइन कायद्याखाली १,००० रुपयांत वेगळी नोंदणी करून घ्या. १० वर्षं मिळतात, पुढे ५ वाढतात. पण तीही यंत्र बाहेर दिसण्याआधी. आणि ती फक्त डोळ्याला दिसणाऱ्या आकाराची. आतली जोडणी तिने राखली जात नाही.

दुसऱ्या मॉडेलची नक्कल झाली तर खटला पेटंट मंजूर झाल्यावरच भरता येतो, मात्र भरपाई प्रकाशनाच्या तारखेपासूनची मागता येते. जलद वाटेने लवकर प्रकाशन करून घेण्याचा हाही एक फायदा. मंजुरीनंतर यंत्राच्या नेमप्लेटवर पेटंट क्रमांक कोरा. नुसतं ‘पेटंटेड’ पुरत नाही: समोरच्याने आपल्याला पेटंटची कल्पना नव्हती असं सिद्ध केलं तर कलम १११ त्याला भरपाईतून सोडवतं, आणि क्रमांकाशिवायचा शब्द तुमच्या बाजूने मोजला जात नाही. नोटीस पाठवताना पेटंट असल्याची माहिती द्या, धमकी नको. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम १०६ खाली समोरचाच न्यायालयात जाऊ शकतो. खटला जिल्हा न्यायालयात भरला जातो. त्याने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं, आणि तिथे तुमच्या अर्जातला पहिला दावा पुन्हा मुळापासून तपासला जातो.

वार्षिक फी तिसऱ्या वर्षापासून. तिसरं ते सहावं वर्ष दरसाल ८००, सातवं ते दहावं २,४००, अकरावं ते पंधरावं ४,८००, सोळावं ते विसावं ८,०००. वीस वर्षं चालवलं तर एकूण ७६,८०० रुपये. निदान चार वर्षांची एकदम ऑनलाइन भरली तर १० टक्के सूट आहे. मंजुरीला उशीर झाला असेल तर मागची थकलेली फी पेटंटची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायची असते. ही तारीख एजंटच्या नव्हे, स्वतःच्या वहीत लिहा. हुकल्यावर १८ महिन्यांच्या आत पेटंट पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करता येतो, पण चूक अनवधानाने झाली हे पटवावं लागतं. याशिवाय पेटंट वापरात आहे की नाही हे सांगणारा फॉर्म २७ आता दर वर्षी नाही, तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचा असतो. त्याला फी नाही.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: सुधारित मॉडेलवर ताडपत्री टाका, बाहेरच्या फॅब्रिकेटरकडे काही भाग बनवायला दिले असतील तर त्याच्याकडून गोपनीयतेचा कागद सही करून घ्या, आणि सरकत्या आधाराची छेद-आकृती मापांशिवाय काढून घ्या. व्हॉट्सॲपच्या गटांवर फोटो जाऊ देऊ नका.